संपर्क तुटलेल्या यंत्राचे काय करावे?

घरातून निघून गेलेला माणूस परत येत नाही, त्याचे पत्र नाही, निरोप नाही, कोणाच्या दृष्टीस पडल्याची वार्ता नाही. अशा माणसास मृत केव्हा समजावे? आपल्याकडील जुन्या रूढीत बारा वर्षे वाट पाहण्याची रीत होती. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याने ही मुदत सात वर्षांची धरली, आणि त्याची जागा घेणाऱ्या २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ती सातच राहिली आहे. या कायद्याची भाषा लक्षपूर्वक पाहण्यासारखी आहे. सात वर्षे वार्ता नाही म्हणून माणूस मेलाच, असे तो म्हणत नाही. माणूस जिवंत असता तर ज्यांना त्याची वार्ता साहजिकच लागली असती, त्यांना जर ती लागलेली नाही, तर यापुढे तो जिवंत असल्याचे सिद्ध करण्याचा भार तसे म्हणणाऱ्यावर पडतो, एवढेच कायदा सांगतो. वार्ता नसणे आणि मृत्यू होणे या दोन गोष्टी एक नव्हेत, याची जाणीव त्या शब्दरचनेत आहे.

हाच प्रश्न आज आपल्या बँकांतील, इस्पितळांतील आणि आगगाडीच्या आरक्षणामागील यंत्रांपुढे वारंवार उभा राहतो. फरक इतकाच की, त्यांना सात वर्षे मिळत नाहीत. दहा-पंधरा सेकंदांत निर्णय करावयाचा असतो. तो चुकला तर काय होते आणि चुकू नये म्हणून काय योजना केलेली असते, हे आज आम्ही सांगणार आहोत. विषय तांत्रिक खरा. परंतु ज्याने एखादी सभा चालविली आहे किंवा दोन भावांतील वाटणी पाहिली आहे, त्यास तो अवघड वाटू नये.

प्रथम यंत्रांची ओळख करून घेऊ. ज्या संगणकाजवळ नोंदवही असते आणि विचारणाऱ्यास जो त्या वहीतून उत्तर देतो, त्यास सर्व्हर म्हणतात. बँकेच्या खिडकीवरील कारकुनापुढचा पडदा स्वतः काही जाणत नाही. तो दूरच्या सर्व्हरला विचारतो. आता यंत्र म्हटले की ते कधी ना कधी बिघडणारच. म्हणून महत्त्वाचे काम एकाच यंत्रावर न सोपविता अनेक यंत्रे एकत्र जोडतात आणि त्यांतील एक पडले की दुसऱ्याने त्याचे काम उचलावे अशी व्यवस्था करतात. अशा जोडणीस 'क्लस्टर' म्हणतात. आपण यंत्रसमूह म्हणू. कल्पना नवी नाही. अमेरिकेतील टँडेम कंपनीने १९७६ साली न थांबता चालणारी यंत्रणा विक्रीस आणली, तिचे नावच 'नॉनस्टॉप' होते. १९८३ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने 'व्हॅक्सक्लस्टर' जाहीर केला, आणि पुढे ही पद्धत सर्वत्र रूढ झाली.

समूहातील यंत्रे एकमेकांची खुशाली कशी ठेवतात? प्रत्येक यंत्र ठरावीक अंतराने, बहुधा दर सेकंदास, 'मी आहे' असा छोटासा निरोप पाठवीत असते. या निरोपास 'हार्टबीट', म्हणजे हृदयाचा ठोका, म्हणतात. ठोके येत आहेत तोवर चिंता नाही. एखाद्याचे ठोके ओळीने काही वेळा चुकले, की इतर यंत्रे सावध होतात.

अडचण येथूनच सुरू होते. ठोका आला नाही, याची कारणे अनेक असू शकतात. ते यंत्र खरोखरच बंद पडले असेल. ते चालू असेल, परंतु कामाच्या ओझ्याखाली इतके दबलेले असेल की त्यास निरोप धाडण्यास सवड नसेल. ते धडधाकट असेल आणि मधली तार तुटलेली असेल. अथवा बोलणाऱ्याचे काही बिघडलेले नसून ऐकणाऱ्याचाच कान गेलेला असेल. दूर बसलेल्यास या चारही गोष्टी सारख्याच दिसतात, कारण चारहींत त्याच्या वाट्यास येते ती केवळ शांतता. ही कारागिरांची हयगय नव्हे. मायकेल फिशर, नॅन्सी लिंच आणि मायकेल पॅटर्सन या तीन शास्त्रज्ञांनी १९८५ साली गणिताने दाखवून दिले की, निरोपास किती वेळ लागेल यास काहीच मर्यादा नसेल, तर एक यंत्र पडण्याची शक्यता असतानाही बाकीच्यांचे नेहमी हमखास एकमत करून देईल अशी निश्चित रीत असूच शकत नाही. कारण संथ कोण आणि मेलेला कोण, हे ओळखण्याचे साधनच नाही. व्यवहारात मार्ग निघतो तो वेळेची मर्यादा गृहीत धरून; आणि गृहीत धरलेली गोष्ट कधी खोटीही ठरते.

खोटी ठरली तर काय होते, ते एका कल्पित प्रसंगाने पाहू. एका इस्पितळात रुग्णांची नोंदवही दोन यंत्रांवर आहे. पहिले मुख्य, दुसरे त्याची नक्कल ठेवणारे. रात्री दोन वाजता दोहोंमधील तार तुटते. पहिले यंत्र चालूच आहे, आणि जुन्या इमारतीतील वॉर्ड त्यास जोडलेला आहे. दुसऱ्यास वाटते, पहिले मेले. म्हणून ते स्वतःस मुख्य म्हणवून नव्या इमारतीतील पडद्यांना उत्तरे देऊ लागते. दोन वाजून पाच मिनिटांनी जुन्या वॉर्डातील परिचारिका रुग्णास इंजेक्शन देते व तशी नोंद करते. ती नोंद पहिल्या वहीत जाते. अर्ध्या तासाने रुग्णास नव्या इमारतीत हलवितात. तेथील परिचारिका पडदा पाहते, तो दुसऱ्या वहीत इंजेक्शनची नोंद नाही. ती पुन्हा इंजेक्शन देते. दोघींनीही आपले काम चोख केले. दोन्ही यंत्रेही आपापल्या समजुतीप्रमाणे बरोबरच वागली. तरीही रुग्णास दुप्पट मात्रा गेली.

या अवस्थेस तज्ज्ञ 'स्प्लिट ब्रेन' म्हणतात. एका देहात दोन मेंदू दोन हुकूम सोडीत आहेत अशी ती स्थिती. यंत्र बंद पडले तर काम खोळंबते, आणि खोळंबलेले काम पुन्हा सुरू करता येते. दोन वह्या मात्र एकदा दोन दिशांना गेल्या की कोणती खरी हे सांगणे कठीण, कारण दोहोंत थोडे थोडे खरे असते. म्हणून या शास्त्रातील सारी खटपट मेलेले यंत्र झटपट ओळखण्याइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, जिवंत यंत्रास मेलेले समजण्याची चूक निस्तरण्यासाठी असते.

पहिला उपाय तुटलेल्या यंत्रानेच करावयाचा आहे. क्षणभर त्याच्या जागी उभे राहून पाहा. समूहात पाच यंत्रे आहेत, आणि तुम्हांस एकदम चारहींचा आवाज येईनासा झाला. चारही शेजारी एकाच क्षणी मेले, की आपल्याच घराची तार तुटली? शहाणा माणूस दुसरी शंका आधी घेईल. व्हीएमवेअर कंपनीच्या सर्वत्र प्रचारात असलेल्या यंत्रणेत नेमके हेच शिकविलेले आहे. इतरांचे ठोके थांबले की यंत्र एका तिऱ्हाईतास हाक मारून पाहते. हा तिऱ्हाईत बहुधा त्या जाळ्याचा 'गेटवे', म्हणजे बाहेर जाण्याची वेस असतो. त्याचेही उत्तर आले नाही, तर यंत्र स्वतःस एकाकी पडलेले ठरविते. त्यानंतर त्याने आपल्यावरील कामे चालू ठेवावी की व्यवस्थित बंद करावी, हे चालकाने आधीच ठरवून दिलेले असते. येथे साधा विवेक लागतो. नोंदींची डिस्क जर त्याच तुटलेल्या तारेवर असेल, तर वहीच हाती नसलेला कारकून खिडकीवर बसवून काय उपयोग? काम बंद करणे बरे. डिस्कची वाट वेगळी व शाबूत असेल, तर चालू ठेवण्यास जागा आहे.

दुसऱ्या बाजूच्या यंत्रांनाही चौकशीची एक जादा वाट दिलेली असते. याच यंत्रणेत २०११ पासून प्रत्येक यंत्र सामायिक डिस्कवरही आपली खूण ताजी ठेवीत असते. तारेवरचा ठोका थांबला, परंतु डिस्कवरील खूण ताजी आहे, तर ते यंत्र जिवंत असून केवळ तुटलेले आहे. दोन्ही थांबले, तर ते मेले असे समजण्यास आधार आहे. ज्यांना वार्ता साहजिकच लागली असती, त्यांच्याकडे चौकशी करा, हे कायद्याचेच तत्त्व येथे निराळ्या वेषात आले आहे.

दुसरा उपाय आहे गणपूर्तीचा. आपल्या गृहनिर्माण संस्थांच्या वार्षिक सभेची सूचना आपण सर्वांनी वाचली आहे. ठरल्या वेळी गणपूर्ती न झाल्यास सभा तहकूब होईल, अर्ध्या तासाने ती त्याच जागी पुन्हा भरेल आणि तीस गणपूर्तीचे बंधन राहणार नाही. मग सहा सभासद चहा घेऊन सारे ठराव मंजूर करतात! माणसांत हे चालते, कारण न आलेले सभासद घरी झोपलेले असतात. ते दुसऱ्या गच्चीवर आपली वेगळी सभा भरवून उलटे ठराव करीत नसतात. यंत्रांच्या बाबतीत मात्र तीच भीती खरी असते. म्हणून त्यांना अर्ध्या तासाची ही सवलत नाही. हजर किती यास महत्त्व नाही. एकूण सभासदांपैकी निम्म्याहून अधिक एका बाजूस असतील, तरच त्या बाजूने काम चालवावे, एरवी हात आवरावा. पाचांपैकी तीन एकीकडे व दोन दुसरीकडे पडले, तर तिघे चालतील, दोघे थांबतील. दोन बाजूंस एकाच वेळी बहुमत असणे अशक्य, एवढ्या साध्या अंकगणितावर ही इमारत उभी आहे. सभासदसंख्या विषम ठेवतात तीही याचसाठी. चार यंत्रे दोन-दोन अशी फुटली तर दोन्ही बाजूंना थांबावे लागेल. दोनच यंत्रे असतील, तर तिसऱ्या जागी एक साक्षीदार ठेवतात. तो वही सांभाळीत नाही, फक्त मत देतो.

लेस्ली लॅम्पोर्ट या संगणकशास्त्रज्ञांनी ही मतदानाची रीत एका प्राचीन ग्रीक बेटावरील काल्पनिक लोकसभेच्या रूपाने मांडली. तेथील सभासद मधेच उठून जातात, परत येतात, त्यांचे निरोप हरवतात. तरी कायद्याच्या वह्या एकमेकींशी जुळत्या राहतात. विनोदी रूपामुळे तो निबंध प्रथम कोणी फारसा मनावर घेतला नाही. तो १९९८ साली प्रसिद्ध झाला, आणि बेटाच्या नावावरून त्या रीतीस 'पॅक्सॉस' असे नाव पडले.

परंतु गणपूर्तीनेही सर्व भागत नाही. समजा, मुख्य यंत्र लिहिता लिहिता वीस सेकंद गोठले. तेवढ्यात इतरांनी बहुमताने नवा मुख्य निवडला. विसाव्या सेकंदास जुने यंत्र जागे झाले. आपण झोपलो होतो याची त्यास दादही नाही. ते अर्धवट राहिलेले वाक्य पुरे करावे तसे वहीत लिहू लागते. अशा यंत्राच्या विवेकावर विसंबून चालत नाही, त्याचा हातच धरावा लागतो. हा तिसरा उपाय. यास 'फेन्सिंग', म्हणजे कुंपण घालणे, म्हणतात. त्याचा सर्वांत कठोर प्रकार म्हणजे संशयित यंत्राची वीज दूरच्या बटणाने तोडणे. त्याच्या इंग्रजी नावाचा अर्थच 'दुसऱ्याच्या डोक्यात गोळी घाला' असा आहे. यातील नियम मोठा मार्मिक आहे. वीज तोडल्याची पोच मिळाल्याशिवाय त्याचे काम उचलावयाचे नाही. 'तो बहुधा मेला असेल' यावर वारसा सांगता येत नाही.

सौम्य प्रकारात डिस्कच जुन्या यंत्रास नकार देते. प्रत्येक नव्या मुख्यास त्याच्या कारकीर्दीचा चढता क्रमांक मिळतो. आठव्या कारकीर्दीचा हुकूम एकदा पाहिला, की सातव्याचा हुकूम डिस्क मानीत नाही. काही ठिकाणी मुख्यपद भाडेपट्ट्याने देतात. दहा सेकंदांचा पट्टा. तो संपण्याआधी नूतनीकरण झाले नाही, तर मुख्याने आपण होऊन लेखणी खाली ठेवावयाची, आणि इतरांनी पट्टा पुरता संपून थोडा वेळ जाईपर्यंत थांबावयाचे. दोघांच्या घड्याळांत थोडी तफावत असणारच, म्हणून हा जादा वेळ.

इतके सारे केल्यावर काही किंमत द्यावी लागते काय? लागते. २००० साली एरिक ब्रुअर यांनी एक अनुमान मांडले आणि २००२ मध्ये सेठ गिल्बर्ट व त्याच नॅन्सी लिंच यांनी ते सिद्ध केले. जाळे तुटलेले असताना प्रत्येक यंत्राने उत्तर द्यावे आणि सर्व उत्तरे एकमेकांशी जुळावी, या दोन्ही गोष्टी एकदम साधत नाहीत. तार तुटलेली आहे तोवर एक तर काही जणांना 'थांबा' असे सांगावे लागेल, नाही तर चुकीचे उत्तर देण्याची जोखीम पत्करावी लागेल. कोणते पत्करावयाचे, हा प्रश्न यंत्राचा नसून माणसांचा आहे.

घडलेली दोन उदाहरणे देतो. गिटहब नावाची एक संस्था आहे. जगभरचे संगणक-आज्ञावली लिहिणारे लोक आपले लेखन तिच्याकडे ठेवतात. २२ डिसेंबर २०१२ रोजी तिच्या जाळ्याच्या देखभालीच्या वेळी संपर्क थोडा वेळ तुटला. तेथील यंत्रे जोडीजोडीने होती. दोघांसही वाटले की दुसरा गेला, आणि दोघांनीही एकमेकांस बंद करण्याचे हुकूम सोडले. संपर्क परत आला तेव्हा काही जोड्यांतील दोन्ही यंत्रे बंद पडलेली होती. तिसरा साक्षीदार नसलेल्या जोडीत कुंपणाचे हत्यार असे उलटू शकते.

दुसरा प्रसंग २१ ऑक्टोबर २०१८ चा. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील तिच्या मुख्य केंद्राचा संपर्क एक उपकरण बदलताना तुटला आणि अवघ्या ४३ सेकंदांत परत आला. तेवढ्या अवधीत उरलेल्या ठिकाणच्या यंत्रांनी रीतसर बहुमत केले आणि मुख्यपद पश्चिम किनाऱ्याकडे दिले. मतमोजणीत चूक नव्हती. परंतु पूर्वेकडे शेवटच्या काही क्षणांत झालेल्या नोंदी पश्चिमेस पोहोचलेल्या नव्हत्या. एका फार वर्दळीच्या समूहात अशा ९५४ नोंदी होत्या. इकडे पश्चिमेने नव्या नोंदी घेण्यास आरंभ केला होता. दोन्ही वह्यांत दुसरीत नसलेले काही होते, त्यामुळे सहज मागे फिरता येईना. शिवाय पूर्वेकडील कामास प्रत्येक नोंदीसाठी देश ओलांडून जाण्याचा विलंब सोसेना. संस्थेने घाई न करता नोंदी जपण्यास अग्रस्थान दिले, आणि सेवा पूर्ववत होण्यास २४ तास ११ मिनिटे लागली. ४३ सेकंद वाट पाहिली असती, तर हे झाले नसते, असे आज म्हणता येते. परंतु चव्वेचाळिसाव्या सेकंदास तार जुळणार आहे, हे यंत्रास त्रेचाळिसाव्या सेकंदास कळण्याचा मार्ग नव्हता.

मुदत आखूड ठेवली तर जिवंतास मेलेला ठरविण्याचे प्रसंग वाढतात. लांब ठेवली तर खरोखर मेलेल्याच्या दारात लोक ताटकळतात. यावर सर्वांना लागू पडणारा आकडा नाही. म्हणूनच ज्यांच्या हाती एखादी बँक, पतपेढी, इस्पितळ किंवा नगरपालिका आहे, अशा श्रोत्यांस आमची विनंती आहे की, यंत्रे विकणाऱ्यास चार प्रश्न अवश्य विचारा. किती वेळ शांतता झाली म्हणजे तुमचे यंत्र दुसऱ्यास मेलेले समजते? तार तुटली तर तिसरे मत कोणाचे? जुन्या यंत्राचा हात खरोखर धरला गेला, याची पोच कोठून मिळते? आणि सर्वांत महत्त्वाचे, भर दिवसा, सर्वांच्या देखत तार उपसून हे कधी पाहिले आहे काय? या चौथ्या प्रश्नास पुष्कळदा उत्तर मिळत नाही.

आता त्या इस्पितळाकडे परत जाऊ. तेथे तिसरा साक्षीदार असता, तर रात्री दोन वाजता एक बाजू चालू राहिली असती आणि दुसरीने हात आवरला असता. समजा, थांबलेली बाजू नव्या इमारतीची. तेथील परिचारिकेच्या पडद्यावर 'नोंद आता मिळू शकत नाही' एवढेच उमटले असते. ती वैतागली असती, यंत्रास तिने बोलही लावला असता. मग तिने जुन्या वॉर्डास फोन केला असता, केसपेपर मागविला असता, इंजेक्शन दोन वाजून पाच मिनिटांनी दिले गेल्याचे तिला कळले असते, आणि भरलेली सिरिंज तिने खाली ठेवली असती.